'कृत्रिम मूत्राशय' म्हणावे का?

कर्करोगामुळे मूत्राशय काढून टाकावे लागले, तर काही रुग्णांना त्यांच्याच लहान आतड्याच्या तुकड्यापासून नवे मूत्राशय करून देतात. मराठीत याचे वर्णन बहुधा 'कृत्रिम मूत्राशय बसवले' असे होते. या दोन्ही शब्दांना माझा आक्षेप आहे. यात प्लास्टिक नाही, यंत्र नाही; आणि 'बसवले' म्हटले की काम संपले असे वाटते.

यातली खरी गंमत भूमितीची आहे. 50 सेंमी लांब, 8 सेंमी घेराच्या नळीत सुमारे 250 मिली पाणी मावते. तीच नळी उभी चिरून, दुमडून, कडा शिवून गोल पिशवी केली, तर तेवढ्याच पृष्ठफळात आदर्श हिशेबाने 750 मिली मावेल! (जुन्या सदऱ्याच्या बाहीवर वर्गात करून पाहावे.) फ्रान्सच्या कामे यांनी 1958 पासून आतडे न चिरताच वापरले. आतड्याच्या आकुंचनाच्या लाटा चालूच राहत आणि झोपेत लघवी गळे. चिरून दुमडण्याची युक्ती स्वीडनचे कॉक यांची. 1980 च्या दशकात हाउटमान आणि श्टुडर यांनी अशा पिशव्या थेट मूत्रमार्गाला जोडल्या. चिरल्यामुळे स्नायूंची कडी तुटतात, लाटांचा जोर विखुरतो.

आकार बदलला तरी आतडे आपला स्वभाव सोडत नाही. मूत्राशयाचे अस्तर लघवी जवळपास शोषत नाही. आतडे मात्र तिच्यातले अमोनियम व क्लोराइड रक्तात परत घेते. रक्त आम्लधर्मी होऊ लागते, म्हणून काहींना सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे आपला खाण्याचा सोडाच, गोळ्यांच्या रूपात घ्यावा लागतो. लघवीत शेंबडासारखा चिकट स्राव येतो. आणि लघवी लागल्याची नेहमीची जाणीव नसते. दर तीन-चार तासांनी, सुरुवातीला रात्रीसुद्धा गजर लावून उठून, पोटाला जोर देऊन पिशवी रिकामी करावी लागते.

नागपूर-मुंबईहून शस्त्रक्रिया करून अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या गावी परतलेला रुग्ण इंग्रजी डिस्चार्ज कार्ड घेऊन कोणाकडे जाणार? पुष्कळदा शाळेतल्या गुरुजींकडेच. गुरुजींच्या डोक्यात 'बसवलेले यंत्र' असेल, तर गजर आणि सोड्याच्या गोळ्या त्यांनाही किरकोळ वाटतील. पिशवी ताणत जाईल, रक्तातले आम्ल वाढेल, आणि घरचे म्हणतील, अशक्तपणा आहे.

'आतड्याची लघवीची पिशवी' हा शब्द ओबडधोबड आहे खरा, पण मला तोच बरा वाटतो. बाहेर लटकवायच्या पिशवीशी त्याचा घोटाळा होऊ शकतो, म्हणून 'आतड्याची' हे विशेषण तेवढे गाळू नये.