आत्मसंयमाची मोजणी : एक आक्षेप

समाजमाध्यमे, निद्रा आणि विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य यांचा संबंध शोधणारे संशोधन अलीकडे विपुल झाले आहे. त्यातील अनेक निबंधांची मांडणी एकाच साच्यातली असते : आत्मसंयम उणा म्हणून माध्यमांचा वापर अधिक, वापर अधिक म्हणून झोप थोडी, झोप थोडी म्हणून मन अस्वस्थ. या साखळीच्या पहिल्याच कडीविषयी येथे आक्षेप घ्यावयाचा आहे.

आत्मसंयम बहुधा टँगनी, बाउमाइस्टर व बून यांच्या २००४ सालच्या तेरा विधानांच्या श्रेणीने मोजतात. आपण आळशी आहोत, वाईट सवयी मोडणे आपणांस जड जाते, असे लिहून देणारा विद्यार्थी निजण्याची वेळ टळून गेली तरी हातातला फोन सुटत नाही, हेही त्याच बैठकीत लिहून देणार. या दोन उत्तरांत सहसंबंध आढळला तर त्यात नवल ते काय? शिवाय अपुऱ्या झोपेनेही संयम ढळतो, आणि चिंतेने झोप न येणारा मनुष्य फोनच उचलतो. एकदाच केलेल्या पाहणीतून बाणाची दिशा निघत नाही, मग मध्यस्थ चलाचे गणित कितीही सफाईने मांडलेले असो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील २०१८ चा प्रयोग या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. तेथे १४३ विद्यार्थ्यांपैकी एका गटाला तीन आठवडे प्रत्येक माध्यमावर दिवसाला दहाच मिनिटांची मर्यादा घातली. त्या गटात एकाकीपणा व औदासीन्य घटले. तथापि चिंता मात्र दोन्ही गटांत कमी झाली. आपल्या वापराची नोंद होत आहे ही जाणीवच उपकारक ठरली असावी, असा तर्क संशोधकांनीच केला आहे. संयमाच्या स्थिर गुणाशी हे सहज जुळत नाही.

निजण्यातील चालढकलीची व्याख्या उट्रेख्ट येथील क्रूसे व सहकारी यांनी २०१४ साली केली. बाह्य अडचण नसताना ठरल्या वेळी अंथरुणावर न जाणे, असा तिचा आशय. आपल्याकडील पाहण्यांत 'बाह्य अडचण नसताना' ही अट सहसा कोणी तपासत नाही. वसतिगृहाच्या एका खोलीत चौघे राहत असतील, तर दिवा मालवण्याची वेळ एकट्याच्या हाती कोठे असते? (संयमावरील व्याख्यान खाटा कमी करण्यापेक्षा स्वस्त पडते, हे खरे.) पुढील पाहणी करणाराने प्रश्नावलीत निदान खोलीतील माणसांची संख्या विचारावी, आणि वापराचे तास विद्यार्थ्याच्या स्मरणातून न घेता फोनमधील नोंदींवरून घ्यावेत.