वृत्तपत्रीय बुद्धिबळ-सदरातील सटीप डाव : रॉबर्ट बर्न यांच्या निमित्ताने

वृत्तपत्रातील बुद्धिबळाचे सदर समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येते. वस्तुतः डावावरील भाष्य ही जुन्या अर्थाने ‘टीका’च होय, खेळ्या ही मूळ संहिता आणि तिचा अर्थ उलगडणे हे टीकाकाराचे कार्य. अमेरिकन ग्रँडमास्टर रॉबर्ट बर्न (१९२८–२०१३) यांनी १९७२ ते २००६ या काळात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधून हे कार्य केले. मोजक्या जागेत एक डाव, त्याच्या आरंभपद्धतीमागील विचार आणि निर्णायक क्षण वाचकापुढे ठेवणे हे या सदराचे स्वरूप. परिच्छेदात गुंफलेल्या खेळ्या पट मांडल्याविना डोळ्यांपुढे आणणे सामान्य वाचकास कठीणच. ही मर्यादा मान्य करावी लागते.

त्याहून गंभीर दोष मात्र सर्वच सटीप डावांत संभवतो. भाष्यकारास निकाल आधीच ठाऊक असतो. त्यामुळे पराभूताची प्रत्येक खेळी चुकीची आणि विजेत्याची प्रत्येक खेळी अटळ भासू लागते. याची कसोटी पाहण्यास बर्न यांचाच एक प्रसिद्ध डाव उपयुक्त ठरतो. न्यूयॉर्क येथील १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत फिशर यांनी ११ पैकी ११ गुण मिळविले. त्यांतील एक बर्न यांच्याविरुद्धचा. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या फिशर यांनी १५ व्या खेळीस एफ-२ घरातील प्याद्यासाठी घोडा दिला. पुढे दुसऱ्या घोड्यास डी-१ वरील हत्ती मारता येत असूनही त्यांनी जी-२ वरील उंट मारणे पसंत केले. हिशेबी दृष्टीस हा तोटाच. परंतु तो उंट हाच पांढऱ्या राजाभोवतीच्या पांढऱ्या घरांचा एकमेव राखणदार होता. तो जाताच काळ्याचा उंट बी-७ वरून शह देऊ शकला. २१ व्या खेळीनंतर, एक मोहरे अधिक असतानाही, बर्न यांनी डाव सोडला. त्या वेळी प्रेक्षकांसाठी समालोचन करणारे ग्रँडमास्टर बर्न जिंकत आहेत असेच समजत होते!

निकाल ठाऊक नसता जाणकारही असे फसतात. म्हणून या डावावरील टिपणात केवळ उद्गारचिन्ह देऊन भागत नाही. पांढऱ्याने वजीर एफ-२ वर आणला असता, तर काळा वजीर एच-३ वर शह देतो, राजा जी-१ वर जातो, हत्तीचा ई-१ वर बळी दिला जातो आणि डी-४ वरील घोडा मारणाऱ्या उंटामुळे पांढरा वजीर जखडला जाऊन जी-२ वरील मात टळत नाही. फिशर यांना हीच पूर्तता अपेक्षित होती आणि बर्न यांनी तीच पटावर न येता ओळखली. हरणाऱ्याचे हे आकलन नोंदविणारी टीका विरळाच आढळते.

बर्न यांच्यानंतर हे सदर अन्य लेखकाकडे गेले व ऑक्टोबर २०१४ मध्ये बंद झाले. आता संगणक क्षणार्धात स्थितीचे मूल्य अंकांत सांगतो. हत्ती सोडून उंट का मारला, हे मात्र त्या अंकात लिहिलेले नसते.