‘उत्कृष्ट’ : अर्थ आणि उपयोग

ग्रंथपरीक्षणाच्या अखेरच्या परिच्छेदात ‘उत्कृष्ट’ हे विशेषण यावे, हा मराठीत जवळजवळ शिष्टाचार होऊन बसला आहे. व्यक्तिचित्रण उत्कृष्ट, भाषाशैली उत्कृष्ट, मुखपृष्ठही उत्कृष्ट. तिन्ही ठिकाणी हा शब्द एकच गोष्ट सांगतो काय, किंबहुना काही सांगतो काय, याचा विचार सहसा होत नाही. कोशाकडे वळावे तर तेथे ‘उत्तम’, ‘श्रेष्ठ’ असे प्रतिशब्द मिळतात. आणि ‘उत्तम’ पाहावयास जावे तर वाचक पुन्हा ‘उत्कृष्ट’पाशी येऊन पोहोचतो. या वर्तुळातून बाहेर पडावयाचे तर शब्दाची घडण आणि त्याचा प्रयोग अशा दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे पाहिले पाहिजे.

घडण सरळ आहे. ‘उत्’ या उपसर्गापुढे ‘कृष्’ म्हणजे ओढणे या धातूचे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित येऊन ‘उत्कृष्ट’ सिद्ध होतो. मूळ अर्थ ‘वर ओढलेला’. हा अर्थ आणि प्रशंसेचा अर्थ यांतील भेद प्राचीन वैयाकरणांच्या नजरेतून सुटलेला नाही. पाणिनीने अष्टाध्यायीत (२.१.६१) सत्, महत्, परम, उत्तम आणि उत्कृष्ट या पाच शब्दांचा पूज्यमानवाचक शब्दांशी समास सांगितला आहे. ‘पूज्यमान’ हे पद सूत्रात कशासाठी घातले, या प्रश्नाला वृत्तिकारांनी दिलेले प्रत्युदाहरण मोठे मार्मिक आहे. चिखलात रुतलेला बैल वर ओढून काढला, तर तोही ‘उत्कृष्ट’च, पण तेथे स्तुती नाही, म्हणून हा समास नाही. पाचांपैकी नेमक्या याच शब्दाच्या बाबतीत असा घोटाळा संभवतो, कारण याच शब्दात क्रिया अद्याप जिवंत आहे. कोणीतरी, कशाला तरी, कशातून तरी वर काढले आहे.

ही क्रिया मराठीत कितपत उरली? याच कुळातील इतर शब्द पाहिले म्हणजे उत्तर काहीसे गुंतागुंतीचे दिसते. ‘उत्कर्ष’ हा शब्द मराठीत अजूनही चढती गती दाखवितो. राज्याचा, घराण्याचा, व्यापाराचा उत्कर्ष होतो, आणि कालांतराने त्याचा अपकर्षही होतो. परंतु ज्याचा उत्कर्ष झाला त्याला कोणी ‘उत्कृष्ट’ म्हणत नाही. उत्कर्ष पावलेले घराणे उत्कृष्ट घराणे ठरत नाही. नाम आणि विशेषण यांची अशी फारकत झाली असून नामाकडे गती राहिली, विशेषणाकडे केवळ गुण. ‘प्रकर्ष’ तर ‘प्रकर्षाने जाणवणे’ एवढ्या एका कोपऱ्यात जाऊन बसला आहे. ‘निकृष्ट’ने मात्र आपला जोर टिकविला आहे, निकृष्ट दर्जाचे बांधकाम म्हटले की ऐकणाऱ्याला ते कोणत्या पातळीच्या खाली गेले याची कल्पना येते. निंदेला मापदंड लागतो, स्तुती त्यावाचून चालते, असे या जोडीवरून दिसते.

येथे एक आक्षेप संभवतो. व्युत्पत्तीत सापडणारा अर्थ प्रयोगावर लादणे योग्य आहे काय? ‘कुशल’ या शब्दासंबंधी हा वाद पूर्वीच झालेला आहे. दर्भ कापून आणणारा या मूळ अर्थावरून निपुण हा अर्थ लक्षणेने येतो, असे मम्मटाने मानले. त्यावर विश्वनाथाने शब्दाच्या व्युत्पत्तीचे निमित्त निराळे आणि प्रवृत्तीचे निमित्त निराळे, असे उत्तर दिले. विश्वनाथाचे म्हणणे तत्त्वतः मान्य करावे लागते. परंतु ‘उत्कृष्ट’च्या बाबतीत प्रश्न केवळ व्युत्पत्तीचा नाही. साहित्यशास्त्राने ‘उत्कर्ष’ ही संकल्पना विचारपूर्वक घडविली आहे. मम्मटाच्या विवेचनात गुण हे रसाच्या उत्कर्षाचे हेतू होत. विश्वनाथाच्या मते दोष हे अपकर्षक होत. म्हणजे उत्कर्ष कशाचा, हे सांगावे लागते, आणि कशामुळे, हेही सांगावे लागते. ‘भाषाशैली उत्कृष्ट’ या आजच्या विधानात यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नसते. शब्द शास्त्रातून उचलला, त्याच्यावरची जबाबदारी मात्र तेथेच राहिली.

‘उत्तम’शी तुलना केल्यास फरक अधिक उघड होतो. ‘उत्’ला ‘तम’ प्रत्यय लागून झालेला हा शब्द मुळात क्रमवाचक आहे : सर्वांत वरचा, म्हणून सर्वांत शेवटचा. संस्कृत व्याकरणात ‘मी’ला उत्तम पुरुष म्हणतात ते त्याच्या थोरवीमुळे नव्हे, प्रथम, मध्यम, उत्तम या क्रमात तो अखेरीस येतो म्हणून. प्रातिशाख्यांत वर्गातील शेवटच्या, म्हणजे अनुनासिक, वर्णालाही हीच संज्ञा आहे. (मराठी व्याकरणात ‘मी’ प्रथम पुरुष झाल्याने दोन्ही विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची जी तारांबळ उडते, तिचे मूळ येथे आहे.) क्रमवाचक शब्दाचे भवितव्य क्रमावर अवलंबून असते. मम्मटाने काव्याचे तीन प्रकार केले, तेव्हा उत्तम काव्य अग्रभागी होते. सतराव्या शतकात जगन्नाथाने चार प्रकार केले आणि ‘उत्तमोत्तम’ हा वर्ग वर बसविला. त्याबरोबर ‘उत्तम’ दुसऱ्या पायरीवर आले. तमभाववाचक शब्दालाही वरचढ भेटतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडेल.

मराठी प्रयोगात या शब्दांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली आहेत. ‘उत्तम’ हा सहज संमतीचा शब्द झाला. प्रकृती कशी आहे, या प्रश्नाला ‘उत्तम’ हे उत्तर चालते, ‘उत्कृष्ट’ हे चालत नाही. ‘श्रेष्ठ’ अधिकाराचा आणि स्थानाचा शब्द आहे. ‘थोर’ला नैतिक वजन आहे. ‘उत्कृष्ट’चे क्षेत्र कोणते, हे एका साध्या कसोटीने ठरविता येते. उत्कृष्ट गायक, उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट स्वयंपाक हे सर्व मराठी कानाला रुचते. ‘उत्कृष्ट संत’ रुचत नाही. संत थोर असतो. ‘उत्कृष्ट शिक्षक’ आणि ‘थोर शिक्षक’ हे दोन्ही प्रयोग शुद्ध आहेत, पण पहिल्यात अध्यापनाची प्रशंसा आहे, दुसऱ्यात माणसाची. यावरून ‘उत्कृष्ट’ हे कृतीच्या, कौशल्याच्या, निर्मितीच्या गुणवत्तेचे विशेषण आहे असे म्हणावयास हरकत नाही. ‘कृष्’ धातूतील क्रिया येथे वेगळ्या रूपाने टिकून राहिली आहे, असाही याचा अर्थ लावता येईल. ‘व्यक्तिचित्रण उत्कृष्ट’ हे म्हणूनच सार्थ विधान होऊ शकते. ‘कादंबरीचा आशय उत्कृष्ट’ यात मात्र काहीतरी खटकते, कारण आशय ही साधण्याची कृती नव्हे.

तुलनेच्या बाबतीत शब्द दुबळा झाला आहे. ‘त्याहून सरस’, ‘त्याहून श्रेष्ठ’ हे सहज बोलले जाते. ‘त्याहून उत्कृष्ट’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही ओठांवर येत नाही. चिखलातून वर काढलेल्या त्या बैलाचे अपादान, म्हणजे ‘कशातून’ हा भाग, मराठीने गाळून टाकला. त्याची भरपाई ‘सर्वोत्कृष्ट’ने होते. चित्रपटांच्या राष्ट्रीय पुरस्कारांमुळे हा शब्द घरोघरी गेला. १९५४ साली ‘श्यामची आई’ला मिळालेल्या सुवर्णपदकाचा उल्लेखही आज ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ असाच होतो. स्पर्धेत हा शब्द समर्पक आहे, कारण तेथे ‘सर्व’ म्हणजे कोण हे ठरलेले असते. परीक्षणात तो आला की ‘सर्व’ कोण, हा प्रश्न विचारावा लागतो.

जाता जाता लेखनाविषयी. मराठीत ‘ऋ’चा उच्चार ‘रु’सारखा होत असल्याने ‘उत्क्रुष्ट’ असे लेखन फलकांवर आणि छापील मजकुरातही दिसते. संस्कृतात तोही एक निर्दोष शब्द आहे. तो ‘क्रुश्’ धातूपासून होतो आणि त्याचा अर्थ ‘मोठ्याने ओरडलेले’. काही जाहिरातींच्या बाबतीत ही चूक म्हणता येणार नाही.

‘उत्कृष्टता’ हे भाववाचक नाम अलीकडे प्रशासनाच्या आणि विद्यापीठांच्या भाषेत स्थिरावले आहे. ‘उत्कृष्टता केंद्र’ ही संज्ञा आता रूढ झाली. पूर्वीच्या मराठीत ‘उत्कर्ष’ आणि ‘गुणवत्ता’ हे दोन शब्द हे काम वाटून घेत. ‘गुणवत्ता’ ही गुणांकडे बोट दाखविते, म्हणून ती तपासता येते, तिची यादी करता येते. ‘उत्कर्ष’ काळाकडे बोट दाखवितो, म्हणून तो दोन वर्षांच्या स्थितीची तुलना करून पाहता येतो. ‘उत्कृष्टता’ यांपैकी कशाकडेच बोट दाखवीत नाही. प्रबंधावरील अभिप्रायात परीक्षक जेव्हा ‘विवेचनाची उत्कृष्टता’ असे लिहितो, तेव्हा त्याला आधारसामग्रीचा विस्तार अभिप्रेत आहे, मांडणीची शिस्त अभिप्रेत आहे की निष्कर्षाची नवता, हे विद्यार्थ्याला कळण्यास मार्ग राहत नाही. तो शब्द खोडून त्या जागी यांपैकी एक शब्द लिहून पाहिला, तर पुष्कळदा वाक्य लांबते आणि कधी कधी परीक्षकाचे मतही बदलते.