प्रत, परवाना आणि पाठ : ‘राजी’ या व्हिडिओ गेमच्या निमित्ताने

प्रस्तावना

कोणत्याही कलाकृतीची समीक्षा करताना तिचा आशय आणि अभिव्यक्ती यांचा विचार प्रामुख्याने होतो. ती कृती आस्वादकाच्या हाती कोणत्या रूपात येते, हा प्रश्न बहुधा प्रकाशक आणि विक्रेता यांच्यावर सोपवला जातो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र तो समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवता येत नाही. गेमची डिस्क विकत घ्यावी की गेम इंटरनेटवरून डाउनलोड करावा, ही चर्चा सामान्यतः किंमत आणि सोय यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात पुण्यात निर्माण झालेल्या एका गेमच्या आधारे तिचा विचार पाठाच्या जतनाच्या दृष्टीने केला आहे.

‘राजी’ : स्वरूप आणि प्रकाशन

‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्माण केला. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाचा शोध घेणारी राजी ही त्याची नायिका होय. कथेचे निवेदन दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून होते, तर काही प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडतात. पुराणकथा येथे केवळ सजावट म्हणून येत नाही. ती कथनाची चौकट ठरते, हे या कृतीचे बलस्थान आहे. लढाईच्या प्रसंगांतील तोचतोपणा आणि घाईने उरकलेला शेवट या तिच्या मर्यादा होत.

2017 मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा या संस्थेचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. अखेर ऑगस्ट 2020 मध्ये हा गेम निंटेंडो स्विचवर आणि ऑक्टोबर 2020 मध्ये संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्स यांवर डिजिटल दुकानांतून प्रकाशित झाला. त्याच वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील स्वतंत्र गेमसाठीच्या पुरस्काराकरिता त्याला नामांकन मिळाले. वेगवेगळ्या यंत्रांसाठी डिस्क किंवा कार्ट्रिज तयार करून त्या देशोदेशी पोहोचवणे एवढ्या लहान संस्थेला परवडणे कठीण होते. डिजिटल वितरणाशिवाय ‘राजी’ जगभरच्या खेळाडूंपर्यंत पोहोचली नसती, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे.

प्रत आणि परवाना

अप्पा बळवंत चौकात वापरलेली पाठ्यपुस्तके एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जातात. या व्यवहाराला कायद्याचा आधार आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 14 च्या स्पष्टीकरणानुसार एकदा विकली गेलेली प्रत ‘आधीच प्रसारात असलेली’ मानली जाते. तिच्या पुढील प्रवासावर पुस्तकाच्या प्रकाशकाचे नियंत्रण राहत नाही. डिजिटल दुकानातून घेतलेल्या गेमबाबत मुळात प्रतच विकली जात नाही. ग्राहकाला वापराचा परवाना मिळतो. तो मित्राला देता येत नाही, ग्रंथालयाला भेट देता येत नाही आणि विकताही येत नाही. 2025 पासून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशा विक्रेत्यांना ही वस्तुस्थिती ग्राहकास स्पष्टपणे सांगणे बंधनकारक झाले. 2024 मध्ये युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईनासा झाला. त्यात डिस्क बाळगणारेही होते, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

पाठभेदांचा प्रश्न

2022 मध्ये ‘राजी’ची सुधारित आवृत्ती आली. तीत लढाईच्या पद्धतीत बदल झाले आणि हिंदी आवाजाची सोय झाली. कृती अधिक चांगली झाली, हे निर्विवाद. परंतु डिजिटल दुकानांच्या सर्वसाधारण व्यवस्थेत नवे रूप जुन्याची जागा घेते. 2020 मध्ये ज्या कृतीचे परीक्षण झाले, नेमकी तीच कृती समोर ठेवून त्या परीक्षणाची शहानिशा करणे उद्याच्या अभ्यासकाला अवघड जाईल.

पुण्यातील अभ्यासकांना या प्रश्नाचे गांभीर्य वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 मध्ये हाती घेतलेली आणि 1966 मध्ये पूर्णत्वास नेलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती विखुरलेल्या हस्तलिखितांच्या बळावरच सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शारदा, ग्रंथ, मल्याळम, बंगाली, देवनागरी अशा अनेक लिप्यांतील पोथ्यांची तुलना केली. त्या पोथ्या एकाच भांडारात असत्या आणि नवी पोथी तयार होताच जुनी पुसली गेली असती, तर पाठचिकित्सा संभवलीच नसती. आज व्हिडिओ गेमच्या संदर्भात हीच स्थिती निर्माण होत आहे.

डिस्कच्या मर्यादा

म्हणून डिस्क हाच उपाय आहे, असे म्हणता येणार नाही. 2004 मधील ‘हाफ-लाइफ 2’ डिस्कवर मिळत असूनही इंटरनेटवरील स्टीमच्या खात्याशिवाय सुरू होत नसे. 2025 मध्ये आलेल्या निंटेंडो स्विच 2 साठीच्या काही कार्डांवर गेम नसतोच; डाउनलोड करण्याची किल्ली तेवढी असते. वस्तू हातात असणे आणि कृती हातात असणे, या दोन भिन्न गोष्टी झाल्या आहेत. अर्थात अशा किल्लीचे कार्ड निदान दुसऱ्याला देता येते. खात्याला जोडलेला परवाना तेवढेही स्वातंत्र्य देत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की डिजिटल वितरणाने कृतीला वाचक मिळवून दिला. मात्र तिच्या उत्तरायुष्याची तरतूद केली नाही. भारतीय मूकपटांपैकी बहुसंख्य चित्रपट नष्ट झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) हा चित्रपटही आज अपूर्ण स्वरूपातच उपलब्ध आहे. या हानीची जाणीव होऊन 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन होईपर्यंत पन्नास वर्षे उलटली होती. ठरावीक ग्रंथालयांकडे प्रती पाठवण्यासंबंधीचा 1954 चा कायदा पुस्तके आणि वृत्तपत्रे यांपुरता आहे. व्हिडिओ गेमसाठी तशी व्यवस्था नाही. प्रत्येक प्रकाशित आवृत्तीची एक खुली, सर्व्हरविना चालणारी प्रत सार्वजनिक संग्रहात जमा करण्याचे बंधन घातल्यास निर्मात्याच्या विक्रीस बाधा न येता पाठ टिकेल. तोपर्यंत ‘राजी’सारख्या कृतीचे भवितव्य दुकानदाराच्या मर्जीवर अवलंबून राहील आणि समीक्षकाला अशा कृतीविषयी लिहावे लागेल, जी उद्या त्याच रूपात पुन्हा पाहता येईल याची शाश्वती नाही.