हॉवर्ड स्टार्क : पित्याचे संबोधन आणि अनुपस्थित श्रोता

लोकप्रिय वाङ्मयातील एखाद्या व्यक्तिरेखेस विशेषण चिकटले की कालांतराने ते विशेषणच विवेचनाची जागा घेते. 'आयर्न मॅन' ह्या अमेरिकन चित्रकथानायकाचा पिता हॉवर्ड स्टार्क ह्याच्याबाबतीत असेच घडले आहे. तो अलौकिक बुद्धीचा संशोधक होता, परंतु मुलापासून मनाने दूर राहिला, असे त्याचे वर्णन नेहमी केले जाते. हे वर्णन खोटे नाही. मात्र ते अपुरे आहे. दुरावा हा स्वभावधर्म मानला की त्याचे कारण पात्राच्या अंतःकरणात शोधावे लागते, आणि कल्पित पात्रास शब्द व चित्र ह्यांपलीकडे अंतःकरण नसते. तेव्हा हा दुरावा पात्राच्या उक्तींत कोठे व कसा प्रकट होतो, हे पाहणेच अधिक फलदायी ठरावे. तसे पाहू गेल्यास असे दिसते, की हॉवर्ड स्टार्क हा प्रेमाचे शब्द न उच्चारणारा पिता नव्हे. ज्यास उद्देशून ते शब्द आहेत तो समोर नसतानाच ते उच्चारणारा असा हा पिता आहे. ह्या भेदावर त्याच्या व्यक्तिरेखेचे सारे मर्म अवलंबून आहे.

प्रथम ह्या व्यक्तिरेखेच्या जन्मक्रमाकडे लक्ष दिले पाहिजे. कथेत पिता आधी आणि पुत्र मागाहून. परंतु प्रकाशनाचा क्रम नेमका उलटा आहे. 'टेल्स ऑफ सस्पेन्स' ह्या नियतकालिकाच्या मार्च १९६३ च्या ३९ व्या अंकात टोनी स्टार्क अवतरला. स्टॅन ली, लॅरी लीबर, डॉन हेक आणि जॅक कर्बी ह्यांच्या हातून घडलेल्या ह्या नायकास त्या वेळी पित्याची गरज भासली नव्हती. तो स्वयंभू संशोधक होता, शस्त्रास्त्रांचा कारखानदार होता, आणि तेवढे त्यास पुरेसे होते. हॉवर्ड स्टार्क प्रथम दिसला तो ऑगस्ट १९७० मध्ये, 'आयर्न मॅन' मासिकाच्या २८ व्या अंकात. आर्ची गुडविन हे त्याचे लेखक आणि डॉन हेक हेच चित्रकार. म्हणजे पुत्राच्या मागाहून सात वर्षांनी पिता जन्मास आला.

भाषाशास्त्रात अशा घटनेस समांतर अशी एक प्रक्रिया सुपरिचित आहे. इंग्रजीत 'एडिटर' हे नाम आधीचे. त्यावरून 'एडिट' हे क्रियापद मागाहून पाडले गेले. बोलणाऱ्यास मात्र क्रियापदच मूळ आणि नाम साधित वाटते. हॉवर्ड स्टार्क हा अशाच उलट व्युत्पत्तीने सिद्ध झालेला धातू होय. पुत्राच्या ठिकाणी जे जे आढळले, त्याचे मूळ म्हणून ते ते पित्याच्या ठिकाणी मागाहून कल्पिण्यात आले. १९७९ मध्ये १२० ते १२८ ह्या अंकांतून आलेल्या आणि 'डेमन इन अ बॉटल' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कथामालेत टोनी मद्याच्या आहारी गेला. पुढे पित्यासही मद्यासक्त दाखवण्यात आले. टोनीची कल्पना करताना हॉवर्ड ह्यूज हा उद्योगपती व वैमानिक आपल्यासमोर होता, असे स्टॅन ली ह्यांनी सांगितलेले आहे. हॉवर्ड हे नाव मात्र पुढे पित्याकडे गेले. सारांश, हा पिता पुत्राचे स्पष्टीकरण म्हणून अस्तित्वात आलेला आहे. ज्याचे अस्तित्वच स्पष्टीकरणार्थ आहे, त्याला पुत्राशी प्रत्यक्ष बोलण्यास कथेत जागा मिळणे मुळातच कठीण होते.

ही अडचण चित्रकथांपेक्षा चित्रपटांत अधिक ठळकपणे उमटली आहे. जॉन फॅव्ह्रो ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'आयर्न मॅन' (२००८) ह्या पहिल्या चित्रपटात हॉवर्ड केवळ छायाचित्रांतून दिसतो. त्यांच्याच 'आयर्न मॅन २' (२०१०) मध्ये तो बोलू लागतो, परंतु कोठून? जुन्या चित्रफितीतून. छातीतील यंत्रामधल्या पॅलेडियममुळे टोनीच्या रक्तात विष भिनत चाललेले आहे. अशा वेळी निक फ्यूरी हा अधिकारी पित्याने मागे ठेवलेली एक पेटी त्याच्या स्वाधीन करतो. पिता थंड व हिशेबी होता, आपल्यावर प्रेम आहे असे तर राहोच, पण आपण त्याला आवडतो असेही तो कधी म्हणाला नाही, अशी तक्रार टोनीने नुकतीच केलेली असते. पेटीतील फीत १९७४ च्या 'स्टार्क एक्स्पो' ह्या प्रदर्शनाच्या जाहिरातीसाठी घेतलेली आहे. जॉन स्लॅटरी ह्यांनी साकारलेला हॉवर्ड तीत भावी नगरीच्या प्रतिकृतीसमोर उभा राहून भाषण करीत आहे.

ह्या फितीत पित्याची पुत्रास उद्देशून दोन भाषणे आहेत, आणि त्यांची तुलना अत्यंत उद्बोधक ठरते. पहिले भाषण लहानग्या टोनीशी आहे. तो मागे प्रतिकृतीचा एक तुकडा हाताळीत असतो. पिता त्यास हाक मारतो, काय करतोस म्हणून विचारतो, वस्तू जागच्या जागी ठेवण्यास बजावतो, आई कोठे आहे असे विचारतो, आईला हाक मारतो आणि मुलास बाहेर घालवतो. ह्या उक्तीत प्रश्न आहेत आणि आज्ञार्थ आहेत. विधान एकही नाही. दुसरे भाषण फितीच्या शेवटी येते. तेथे खोलीत मूल नाही. पिता यंत्राच्या भिंगाकडे पाहून मोठेपणीच्या टोनीशी बोलतो : हे सारे तुझ्यासाठी उभारले, माझ्या काळाच्या साधनांनी माझे हात बांधले आहेत, तू हे पुरे करशील, आणि माझी सर्वांत थोर निर्मिती म्हणजे तूच. येथे विधानेच विधाने आहेत, आज्ञार्थ नावालाही नाही. उपस्थित पुत्रासाठी आज्ञार्थ आणि अनुपस्थित पुत्रासाठी निवेदन, अशी ही वाटणी आहे. 'मी' आणि 'तू' ही सर्वनामे प्रत्यक्ष संभाषणाच्या क्षणीच अर्थवान होतात, हे एमिल बेन्व्हेनिस्त ह्यांचे प्रतिपादन येथे आठवते. हॉवर्डच्या तोंडी 'तू' आहे. पण तो क्षण जुळून येण्यास सुमारे साडेतीन दशके लागतात, आणि तोवर 'मी' मृत झालेला असतो.

मराठी भाषकास ह्या प्रसंगातील आणखी एक गोष्ट जाणवावी. इंग्रजीत प्रदर्शनाचे प्रेक्षक आणि स्वतःचा मुलगा ह्या दोहोंसाठी एकच सर्वनाम पुरते. म्हणून जाहीर भाषण संपून खासगी बोलणे केव्हा सुरू झाले, हे केवळ मुलाच्या नावाच्या उच्चारावरून कळते. मराठीत हेच भाषण उतरवावयाचे झाल्यास 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याची पायरी उघडपणे उतरावी लागेल. हॉवर्डला ती पायरी उतरावी लागत नाही. त्याच्या भाषेने ती सोय केलेली आहे. त्याच सुरात, त्याच पोशाखात, त्याच भिंगाकडे पाहून तो व्यापाराकडून वात्सल्याकडे येतो. हे संक्रमण इतके निर्विघ्न आहे, की ते खरोखर घडले काय, अशी शंका उरते.

ही शंका 'निर्मिती' ह्या शब्दाने बळावते. पुत्रास स्वतःची श्रेष्ठ निर्मिती म्हणणे हा पित्याच्या दृष्टीने गौरवच होय. परंतु संशोधकाच्या भाषेत निर्मिती ही कर्त्याच्या मालकीची असते आणि तिच्याकडून कार्याची अपेक्षा असते. चित्रपटातही ह्या वाक्यापाठोपाठ कार्यच येते. टोनी ती प्रतिकृती शोधून काढतो, तिच्या रचनेत दडलेला नव्या मूलद्रव्याचा आराखडा ओळखतो, ते मूलद्रव्य तयार करतो आणि त्याचे प्राण वाचतात. वारसा आणि वात्सल्य ह्यांची येथे एकच पेटी केलेली आहे. पुत्रास पित्याचे कोडे सुटले म्हणून पित्याचे प्रेमही उलगडले, असे हा चित्रपट मानतो. वस्तुतः ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि त्यांची सरमिसळ हे ह्या चित्रपटाचे सर्वांत मोठे वैगुण्य होय.

'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' (२०१६) ह्या चित्रपटाने ही सरमिसळ टाळली आहे. तेथे टोनी स्वतः तयार केलेल्या यंत्राच्या साहाय्याने आईवडिलांबरोबरचा अखेरचा प्रसंग प्रेक्षकांसमोर पुन्हा उभा करतो. पिता नेहमीप्रमाणे टोमणे मारतो. तू येथे नसलास म्हणजे ह्यांना तुझी आठवण येते, हे आई सांगते. पित्याची भावना पुत्रापर्यंत पोचते ती आईच्या मुखातून, आणि तीही तृतीय पुरुषात. मग टोनी पित्यावरील आपले प्रेम बोलून दाखवतो आणि लगेच सांगून टाकतो, की हे असे घडलेच नव्हते. घडावयास हवे होते. ह्या प्रयोगावर ६१.१ कोटी डॉलर खर्ची पडले असल्याचा उल्लेखही तो करतो. पूर्वी पिता यंत्रासमोर बसून अनुपस्थित पुत्राशी बोलला. आता पुत्र यंत्रात शिरून अनुपस्थित पित्याशी बोलतो. ह्या चित्रपटाच्या अखेरीस १६ डिसेंबर १९९१ च्या रात्री झालेली आईवडिलांची हत्या टोनीला दिसते, तीही पडद्यावरील चित्रणातूनच. पित्याचे जीवन, त्याचे प्रेम आणि त्याचे मरण ही तिन्ही पुत्रास उपकरणाच्या द्वारे कळावीत, ह्यात एक कठोर सुसंगती आहे.

ह्या मालिकेतील प्रत्यक्ष भेट 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' (२०१९) मध्ये येते. भूतकाळात गेलेला टोनी १९७० साली न्यू जर्सीतील लष्करी तळावर हॉवर्डला भेटतो. मारिया त्या वेळी गरोदर आहे. येथे यंत्र मध्ये नाही आणि दोघे समोरासमोर आहेत. तरीही संबोधन पुरे होत नाही. टोनीने खोटे नाव सांगितलेले आहे, आणि तेही पित्याचेच. हॉवर्ड अजून पिता झालेला नाही. मूल म्हणजे ती वस्तू नीट चालवता येईल असे तुम्हांस वाटले होते काय, अशा अर्थाचा प्रश्न तो ह्या परक्या माणसाला विचारतो. जन्मापूर्वीही मुलाचा विचार यंत्राच्याच परिभाषेत होतो. स्वतःच्या बापाला कोणतीही अडचण चामडी पट्ट्याने सोडवता येत असे, हेही तो सांगून जातो, आणि दुराव्याची परंपरा एक पिढी मागे सरकते. मराठीत हे दोघे परस्परांस 'तुम्ही' म्हणतील. ज्यास पित्याकडून 'तू' ऐकावयाचे होते, त्यास बरोबरीचे 'तुम्ही' मिळते : समानता लाभते, नाते लाभत नाही. निरोप घेताना टोनी सर्व गोष्टींबद्दल आभार मानू लागतो आणि वाक्य अर्ध्यावर वळवून त्यास देशसेवेची पुस्ती जोडतो. ही पुस्तीच ह्या प्रसंगाचे यश होय. कृतज्ञता खरी आहे, पण तिचा पत्ता बदलावा लागला आहे, आणि लेखकांनी ही उणीव झाकलेली नाही.

पित्यास क्षमा करणारी ही वाट चित्रकथांनी तितक्या सहजपणे चोखाळलेली नाही. कीरन गिलेन ह्यांच्या २०१३ मधील कथामालेत टोनी हा हॉवर्डचा दत्तक पुत्र असल्याचे उघड होते. औरस पुत्र आर्नो ह्याच्या जन्मापूर्वीच परग्रहीय यंत्रमानवाच्या मदतीने त्याच्या घडणीत फेरफार झालेला असतो, आणि त्यास लपवण्यासाठी टोनीला पुढे करण्यात आलेले असते. ही कल्पना अनेकांस अतिरंजित वाटेल. तथापि पुत्र म्हणजे निर्मिती हे रूपक तिने शब्दशः घेतले आणि त्याचे परिणाम दाखवले, हे मान्य केले पाहिजे. २०१० च्या चित्रपटाने ज्या शब्दावर अश्रू ढाळले, त्या शब्दाचा हिशेब ह्या कथामालेने मांडला.

येथे एक आक्षेप संभवतो. शब्द उशिरा पोचला म्हणून तो खोटा ठरतो काय? पत्र, मृत्युपत्र आणि ध्वनिमुद्रण ही सारी अनुपस्थितांशी बोलण्याचीच साधने आहेत. आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर 'एंडगेम'च्या शेवटी सापडते. टोनीही मृत्यूपूर्वी आपला संदेश चित्रित करून ठेवतो, आणि त्याच्या पश्चात त्याची लहान मुलगी मॉर्गन तो ऐकते. वरकरणी हा पित्याचाच वारसा वाटतो. परंतु त्या संदेशाच्या शेवटी प्रेमाचे माप म्हणून तीन हजारांचा जो आकडा येतो, तो टोनीचा नव्हे. तो मुलीने झोपण्याच्या वेळी त्याच्या समक्ष उच्चारलेला आहे. बापाने तिचा शब्द तिला परत केला आहे. हॉवर्डची चित्रफीत न झालेल्या संभाषणाच्या जागी आली होती. टोनीची चित्रफीत झालेल्या संभाषणाची पुनरुक्ती करते. पहिलीत निर्मात्याची परिभाषा आहे, दुसरीत मुलाची. मुद्रित शब्द प्रत्यक्ष शब्दाची आठवण होऊ शकतो, त्याचा पर्याय होऊ शकत नाही, एवढे ह्या दोन फिती शेजारी ठेवल्या म्हणजे स्पष्ट होते. हॉवर्ड स्टार्कला अनेक यंत्रे साधली. खोलीत मूल असताना आज्ञार्थाविना एक वाक्य बोलणे त्यास साधले नाही. आणि पुत्राने पित्यावर मिळवलेला खरा विजय कोणत्याही चिलखतात नसून त्या एका वाक्यात आहे.