शेवट कोणाच्या अटींवर?

लोकप्रिय मालिका तिच्या निर्मात्यांनी ठरवलेल्या जागी संपावी, अशी अपेक्षा कलेच्या नावाने वारंवार मांडली जाते. कलाकृतीला आरंभ, मध्य आणि अंत असतो. पैशाच्या मोहाने ती ताणणे म्हणजे तिची विटंबना करणे, असा हा युक्तिवाद आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. निर्माता म्हणजे कोण, त्याच्या हाती कोणती साधने आहेत आणि त्याने पडदा पाडला तेव्हा कोणाची कथा पडद्याबाहेर राहिली, हे प्रश्न हा युक्तिवाद विचारीत नाही. आपल्याला ते विचारले पाहिजेत.

तोंडवलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या मुलखाला शेवट म्हणजे काय, हे दशावताराने शिकवलेले आहे. खेळ रात्री उभा राहतो आणि उजाडता उजाडता संपतो. प्रेक्षक कितीही रंगले तरी पहाट थांबत नाही. याच मुलखातल्या आकेरीत चित्रित झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेला मात्र पहाट मानवली नाही. २०१६ साली पहिला भाग सुरू झाला तोच अण्णा नाईकांच्या मृत्यूने. २०१९मध्ये दुसरा भाग मागे गेला आणि त्याने अण्णांचे आयुष्य सांगितले. म्हणजे त्याचा शेवट प्रेक्षकांना आधीच ठाऊक होता. शेवट आधी ठरलेला असण्याची याहून चांगली संधी कोणत्या लेखकाला मिळेल? पण अण्णा आणि शेवंता लोकप्रिय झाले होते. २०२१मध्ये तिसऱ्या भागात ते भुते होऊन परतले. बाजाराला मेलेला माणूसही कामावर लागतो. इथपर्यंत कलावादी मंडळींशी आपले भांडण नाही.

भांडण सुरू होते ते १९८८पाशी. रामानंद सागर यांचे 'रामायण' २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर सुरू झाले. आधी ५२ भाग मंजूर होते, ते वाढत ७८ झाले. ३१ जुलै १९८८ रोजी रामाच्या राज्याभिषेकाने निर्मात्याने मालिका संपवली. निर्मात्याच्या मते कथा पूर्ण झाली होती. पण जालंधरच्या सफाई कामगारांच्या मते ती पूर्ण झाली नव्हती. वाल्मीकीला गुरू मानणाऱ्या या समाजाने विचारले की, ज्या कांडात वाल्मीकी स्वतः येतो, जिथे टाकलेल्या सीतेला त्याच्या आश्रमात आसरा मिळतो, लव-कुश वाढतात, तेच कांड का गाळले? त्यांनी झाडू खाली ठेवले. संप उत्तरेतल्या इतर शहरांत पसरला. शासनाला नमावे लागले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून उत्तरकांडाची मालिका सुरू झाली.

कलावादी समीक्षक याला झुंडीचा हस्तक्षेप म्हणेल. पण राज्याभिषेकाशी थांबणे हा काही निर्मळ कलात्मक निर्णय नव्हता. तिथे थांबले की आदर्श राजा अबाधित राहतो. पुढे गेले की गरोदर पत्नीचा त्याग येतो, तपश्चर्या केली म्हणून मारलेला शूद्र शंबूक येतो. शेवट कुठे करायचा, हे ठरवणे म्हणजे कोणता प्रश्न विचारू द्यायचा नाही, हे ठरवणे. लाखो घरांतल्या रविवार सकाळींवर हा निर्णय लादला जात होता आणि तो सरकारी माध्यमातून लादला जात होता. म्हणून त्यावर बोलण्याचा हक्क सफाई कामगाराला होता.

याच वर्षी महाराष्ट्रात काय चालले होते, हे या संदर्भात आठवले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. हे हस्तलिखित बाबासाहेबांच्या हयातीत छापले गेले नव्हते. त्यातील राम आणि कृष्णावरचे परिशिष्ट गाळा, अशी ओरड झाली. त्या परिशिष्टात सीतेच्या त्यागाबद्दल आणि शंबूकाच्या वधाबद्दलच जाब विचारलेला आहे. ५ फेब्रुवारी १९८८ रोजी मुंबईत दलित जनतेचा प्रचंड मोर्चा निघाला. परिशिष्ट राहिले, पण त्यातील मतांशी शासन सहमत आहेच असे नाही, अशा अर्थाची टीप त्याला चिकटली. एकीकडे पडद्यावरचे रामायण उत्तरकांडाआधी थांबत होते. दुसरीकडे उत्तरकांडाविषयी प्रश्न विचारणारी पाने ग्रंथातून काढा म्हणून दबाव येत होता. या दोन्ही घटनांत झगडा एकच होता. गोष्टीचे शेवटचे पान कोणाच्या ताब्यात राहणार?

अर्थात संपाचीही मर्यादा सांगितली पाहिजे. संपकऱ्यांनी वाल्मीकीचा सन्मान मागितला आणि मिळवला. पण उत्तरकांड मागणे म्हणजे त्याच ग्रंथाच्या चौकटीत स्वतःसाठी जागा मागणे होते. चौकट कोणी घडवली, हा बाबासाहेबांचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. गाळलेले पान परत मिळवणे ही पहिली पायरी. ते पान डोळसपणे वाचणे ही दुसरी.

आता उलट बाजू पाहू. 'सावित्रीजोती' ही मालिका सोनी मराठीवर जानेवारी २०२०मध्ये सुरू झाली आणि त्याच डिसेंबरमध्ये बंद झाली. मध्ये टाळेबंदीने चित्रीकरण थांबले होते. पुरेसा प्रेक्षक मिळत नाही, हे बंद होण्याचे कारण. ही अशी कथा आहे की जिचा शेवट इतिहासानेच लिहिलेला आहे. १८९०मध्ये जोतीराव गेले. १८९७च्या प्लेगमध्ये आजारी महार मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. या शेवटापर्यंत रचनेच्या गतीने पोचण्याची मुभा मालिकेला उरली नाही. नाईकांच्या वाड्यातल्या भुतांना तिसरा जन्म मिळतो आणि फुले दांपत्याला एक पुरा जन्मही मिळत नाही. इथे निर्मात्यांच्या अटी कुठे गेल्या? त्या आकड्यांच्या तक्त्यात गेल्या. आणि आपणही प्रामाणिकपणे विचारावे की, ती मालिका चालू असताना आपल्या वस्त्यांतले किती दूरचित्रवाणी संच तिच्यासाठी लावले जात होते?

तेव्हा 'कलावंताच्या अटींवर शेवट' ही घोषणा आपण जशीच्या तशी उचलू नये. साधने ज्याच्या हाती, अटी त्याच्या. सागरांना वेळ, पैसा आणि सरकारी वाहिनी मिळाली म्हणून त्यांना शेवट निवडता आला. 'सावित्रीजोती'च्या कर्त्यांना तो निवडता आला नाही. शेवट ठरवण्याचे स्वातंत्र्य प्रतिभेतून येते हे अर्धे सत्य. उरलेले अर्धे मालकीतून येते.

मार्ग नाहीत असे नाही. श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' १९८८मध्ये दूरदर्शनवर आली ती ५३ भागांची. सार्वजनिक माध्यमाने मनावर घेतले तर मोजक्या भागांत मोठा इतिहास मांडता येतो. फुले-आंबेडकरी आशयासाठी तशीच मागणी आपल्या संघटनांनी, अध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी लावून धरली पाहिजे : भागांची संख्या आधी ठरलेली असावी, पैसा आधी मंजूर असावा आणि प्रेक्षकांच्या साप्ताहिक आकड्यावर तिचा जीव टांगलेला नसावा. जालंधरच्या कामगारांनी झाडू खाली ठेवून दुसऱ्याच्या कथेचा शेवट बदलून दाखवला. आपल्या कथेचा शेवट आपण लिहायचा असेल, तर तिचा आरंभही आपल्याच साधनांनी करावा लागेल.