चार रुपयांचा रकाना : एका क्रिकेट-इतिहासातील वेतनाचा प्रश्न

डिसेंबर १९४० मध्ये मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे एक शिष्टमंडळ पंचरंगी क्रिकेट सामन्यांविषयी महात्मा गांधींचे मत जाणून घेण्यासाठी वर्ध्यास आले. युद्धाच्या काळात असल्या करमणुकी बंद राहाव्यात, आणि धर्मावर आधारलेले संघ तर मुळातच नसावेत, असा गांधींचा अभिप्राय पडला. रामचंद्र गुहा यांच्या 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड' (२००२) या इंग्रजी ग्रंथातील हा प्रसंग वर्ध्याच्या वाचकास सहजच जवळचा वाटतो. पण खेळणाऱ्यांचा चरितार्थ कोण चालवितो, हा प्रश्न त्या भेटीत उपस्थित झाला नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, तो या ग्रंथातही जेवढा उपस्थित व्हावयास हवा होता तेवढा झालेला नाही.

ग्रंथाची थोरवी निर्विवाद आहे. वंश, जात आणि धर्म यांच्या ताणांतून एका परकी खेळाचे येथे काय झाले हे इतक्या साधार रीतीने क्वचितच कोणी सांगितले असेल. बाळू पालवणकरांचे विस्मृतीत गेलेले चरित्र सर्वसामान्य वाचकांपर्यंत पुन्हा पोचले ते मुख्यतः याच ग्रंथामुळे. चर्मकार समाजातील हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर नोकरीस होता. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळ्या उभाराव्यात आणि सभासदांच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकावेत, हे त्याचे काम. आपल्याला बाद केल्यास ग्रेग साहेब त्यास दरवेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. म्हणजे आठ बळींत महिन्याचा पगार! मात्र फलंदाजीची संधी त्यास तेथे कधीच मिळाली नाही.

ही शेवटची गोष्ट गुहा आवर्जून नोंदवितात, पण तिचा अर्थ ते जवळजवळ संपूर्णपणे प्रतिष्ठेच्या परिभाषेत लावतात. येथे एक दुसराही अर्थ संभवतो. गोलंदाजी ही चाकरी होती, तर फलंदाजीचा सराव दुसऱ्याच्या श्रमांवर होणारा. ज्याच्यापाशी तो श्रम विकत घेण्याची ऐपत नाही त्याने बॅट हाती कशी धरावी? पुढे बाळू मुंबईस येऊन बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरीस लागले. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल फलंदाज झाले आणि १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधारही. थोरला चार रुपयांवर गोलंदाज आणि धाकटा फलंदाज, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल. आम्हांस तो तसा वाटत नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, तरी कर्णधारपद त्यांस लाभले नाही. त्याचे कारण मात्र निखालस जात हेच होय, आणि तेथे गुहांचे विवेचन अचूक आहे.

रेल्वेची ती नोकरी हेच पुढील अर्धशतकातील देशी क्रिकेटचे खरे वेतन ठरले. १९३४-३५ साली सुरू झालेल्या रणजी स्पर्धेतील खेळाडू प्रथम संस्थानिकांच्या, आणि पुढे रेल्वे, स्टेट बँक, टाटा, मफतलाल अशा आस्थापनांच्या पगारावर जगला. या व्यवस्थेचा लाभ मुंबईला झाला. जेथे कचेऱ्या थोड्या तेथे खेळाडूही थोडे. नागपूर-वर्धा मार्गावर जामठ्याचे भव्य मैदान उभे आहे आणि विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असे तीनदा रणजी करंडक जिंकला आहे. तरीही विदर्भाचा पहिला कसोटीपटू यावयास नोव्हेंबर २०११ उजाडावे लागले. तो उमेश यादव, खापरखेड्याजवळच्या कोळसाखाणीतील कामगाराचा पुत्र. त्याने आधी पोलीस शिपायाची जागा मिळविण्याचा प्रयत्न केला होता. ती मिळाली असती तर? आणि तोही गोलंदाजच, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आज पुरुषांच्या वरिष्ठ गटात मोबदला तुटपुंजा नाही. २०२१ साली दिवसाचे ३५,००० रुपये वाढवून ४०,००० ते ६०,००० करण्यात आले. स्त्रियांना त्याच वर्षी १२,५०० ऐवजी २०,००० मिळू लागले. पण हे मानधन सामन्यागणिक आहे. २०२०-२१ साली महामारीमुळे रणजी स्पर्धाच झाली नाही, तेव्हा ज्यांस नोकरी नव्हती त्यांचे काय झाले असेल ते सांगावयास नको. अर्ध्या मानधनाची भरपाई जाहीर होण्यास सप्टेंबर २०२१ उजाडला. त्याखालच्या पायरीवर, क्लबांच्या आणि जिल्ह्याच्या सामन्यांत, खेळाडूचा खर्च बहुधा त्याचे घरच सोसते.

अमेरिकेतील बेसबॉलच्या कनिष्ठ संघांची कथा याहून निराळी नाही. २०१८ साली तेथील संसदेने त्या खेळाडूंस किमान वेतनाच्या कायद्यातून बहुतांशी वगळले. २०२३ मध्ये पहिला सामुदायिक करार झाला तेव्हा सर्वांत वरच्या कनिष्ठ श्रेणीचे किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरांवरून ३५,८०० वर गेले. वडिलांच्या पैशावर पाच-सहा वर्षे काढू शकणाराच तेथे टिके. वरिष्ठ संघांतील कृष्णवर्णीय अमेरिकनांचे घटते प्रमाण केवळ याच एका कारणाने नसले तरी याचाही त्यात वाटा आहे.

गुहांच्या ग्रंथाची मर्यादा त्याच्या चरित्रपर पद्धतीत आहे. चरित्र पोचलेल्याचे असते. चार रुपयांत न भागल्यामुळे खेळ सोडून गेलेल्याचे चरित्र कोणी लिहीत नाही. विठ्ठल पालवणकरांनी आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून ठेवले आहे. गुहांनी त्याचा उपयोग केला तो मुख्यतः जातीच्या दृष्टीने. घरात पैसा कोठून आला, बॅट कोणी घेऊन दिली, कोणत्या भावाने शाळा केव्हा सोडली, हे प्रश्न घेऊन ते पुस्तक आपल्या विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी पुन्हा वाचावयास घ्यावे.